तीन दिवस घरी, पिंजऱ्याशेजारी

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: २६ जानेवारी सोमवारी आल्यामुळे सलग तीन दिवस सुट्टी आहे. नोकरीमुळे तुम्ही दोघंही एरवी दिवसभर बाहेर असता, म्हणून या वेळी कुठेही न जाता पुण्यातल्या घरीच, दोन बजी (बजरिगार हे छोटे पोपट) आणि एका कॉकटेलसोबत (कॉकाटील, म्हणजे पोपटासारखा तुरेवाला पक्षी) निवांत राहायचं ठरवलंय. पक्ष्यांना दिवसभर मोकळं सोडलं तर चालेल का, खायला काही खास द्यावं का आणि सोमवारी पाहुणे जेवायला येणार आहेत तेव्हा पक्ष्यांचं काय करावं?

बेत चांगला आहे. फक्त एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे: सुट्टी तुम्ही घ्या, पक्ष्यांचं घड्याळ हलवू नका.

सुट्टीत आपण काय करतो? रात्री एक वाजेपर्यंत जागतो, सकाळी नऊला उठतो, मधे केव्हातरी जेवतो. पिंजरा बहुतेक घरांत हॉलमध्ये असतो आणि टीव्हीही तिथेच. बजी आणि कॉकटेल हे दोन्ही मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, उघड्या मुलखातले. उजाडलं की उठायचं आणि मावळतीला फांदीवर जाऊन बसायचं, हा त्यांचा शिरस्ता. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढूनही तो गेलेला नाही. त्यांना रात्री दहा ते बारा तास अंधार आणि शांतता हवी. सलग सुट्टीनंतरच्या मंगळवारी माझ्याकडे जे पक्षी येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना जंतूंनी काही केलेलं नसतं. जागरण, गोंगाट, तळणाचा धूर आणि छताचा पंखा, यांतलं काहीतरी बाधलेलं असतं.

तेव्हा शुक्रवारी संध्याकाळीच ठरवून टाका की सात-साडेसातला पिंजरा आतल्या खोलीत जाणार. खोली रिकामी नसेल तर तीन बाजूंनी सुती चादर टाका आणि चौथी बाजू हवेसाठी उघडी ठेवा. जानेवारीत पुण्याचा पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, त्यामुळे चादरीचा दुहेरी उपयोग होतो. खिडकीची फट आणि पिंजरा एका रेषेत येऊ देऊ नका, कारण थंडीपेक्षा वाऱ्याचा झोत जास्त बाधतो. कॉकटेल रात्री कधीकधी दचकून उठतात आणि अंधारात पिंजऱ्यावर पंख आपटत सुटतात. तुमचा तसं करत असेल तर खोलीत एक मिणमिणता दिवा राहू द्या.

उजेड लांबवण्याचा आणखी एक तोटा आहे आणि तो आठवड्याभराने दिसतो. मोठा दिवस, भरपूर खाणं आणि शिरायला एखादा अंधारा कोपरा, एवढं जमलं की मादीच्या शरीराला वाटतं, विणीचा हंगाम आला. नर नसला तरी कॉकटेल मादी अंडी घालते, आणि एकदा सुरू झाली की काही माद्या थांबायचं नाव घेत नाहीत. अंगातलं कॅल्शियम त्यात संपतं, मग एखादं अंडं आत अडकतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून सोफ्याखाली, कपाटाच्या मागे, कागदी पिशवीत जाऊन बसायला लागली तर लगेच बाहेर काढा. बजींच्या पिंजऱ्यात दुकानदाराने दिलेलं छोटं मडकं टांगलेलं असेल तर तेही काढून टाका. पक्षी त्यात झोपत नाहीत. ते घरटं आहे आणि तुम्हाला पिल्लं नको असतील तर त्याचा काही उपयोग नाही. अंगावरून हात फिरवायचा तो डोक्यापासून मानेपर्यंतच. पाठ कुरवाळली की पक्षी त्याचा भलताच अर्थ घेतो.

आता मोकळं सोडण्याचं. दिवसभर नको. सकाळी दीड-दोन तास आणि दुपारी चारच्या सुमारास तेवढेच, असे दोन वेळा पुष्कळ झाले, आणि तेही घरातलं कोणीतरी त्याच खोलीत, जागं आणि मोबाइलमध्ये न बुडालेलं असेल तरच. पिंजऱ्यात परत जायची वेळ जेवणाच्या वेळेशी जुळवा. बाहेर काढण्याआधी वाटी काढून ठेवायची आणि आत घालताना भरून ठेवायची. थोडी भूक लागलेली बजी आपणहून आत जाते आणि पोट भरलेली पडद्याच्या दांडीवर बसून तुमच्याकडे बघत राहते. अशा वेळी टॉवेल घेऊन खोलीभर धावू नका. पडदे ओढा, दिवा मालवा. अंधुक उजेडात बजी सहसा उडत नाही, मग हलक्या हाताने उचलता येते. पाठलाग करून पकडलं तर तीन दिवसांत कमावलेला विश्वास तीन मिनिटांत जातो.

सोडण्यापूर्वी खोली बघायची, आणि त्यात पहिला नंबर पंख्याचा. आपल्याकडच्या घरांत पाळीव पक्ष्यांच्या मोठ्या जखमांचं हे माझ्या मते पहिलं कारण आहे. आता थंडी आहे, पंखा लागत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण खोलीत शिरताना बटणांच्या बोर्डावर सवयीने हात जातो. पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावा. ‘लक्षात राहील’ यावर हे सोडू नका. त्यानंतर खिडक्या. गजांच्या जाळीतून कावळा आत येणार नाही, पण बजी सहज बाहेर जाते. डासांची जाळी ओढलेली असेल तरी कडेला सुटलेली नाही ना, ते बोटाने दाबून पाहा. मोठा आरसा किंवा उघडी काच असेल तर पहिल्या दिवशी त्यावर चादर टाका. बाथरूमचं दार बंद, कारण भरलेल्या बादलीत पडलेला पक्षी बाहेर येऊ शकत नाही.

स्वयंपाकघराचंही दार बंदच. त्यामागचं कारण नीट सांगतो, कारण अनेकांना ही अतिशयोक्ती वाटते. आपण श्वास घेतो तेव्हा हवा फुप्फुसात जाते आणि आल्या वाटेने परत येते. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात आणि हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहते. परिणामी श्वास आत घेतानाही आणि सोडतानाही ताज्या हवेतला प्राणवायू रक्तात जात राहतो. उडायला लागणारी ताकद तिथून येते. पण हवेत जे काही वाईट असेल तेही तितक्याच तत्परतेने रक्तात उतरतं. नॉनस्टिक भांड्यावरचा टेफ्लॉनचा थर साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापला की त्यातून वायू सुटायला लागतात. त्यांचा आपल्याला वासही येईलच असं नाही, आणि शेजारच्या खोलीतली बजी काही मिनिटांत पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली असते. मोठ्या आचेवर रिकामा तवा विसरला तर तेवढं तापमान गाठायला फार वेळ लागत नाही. सुट्टीत डोसे, सँडविच यांचा उत्साह असतोच, तर या तीन दिवसांत लोखंडी किंवा बिडाचा तवा काढा. खरं म्हणजे पक्षी घरात आहेत तोवर तोच वापरा. सँडविच मेकर आणि एअर फ्रायरलाही बहुधा तोच थर असतो. धूप, कापूर, डासांची कॉइल, रूम फ्रेशनर हे पक्ष्यांच्या खोलीत नको. देवघर हॉलमध्ये असेल तर सुट्टीपुरतं निरांजनावर भागवा.

खाण्याच्या बाबतीत मात्र तुम्ही हा प्रश्न अगदी योग्य ऋतूत विचारलात. जानेवारी म्हणजे हुरड्याचे दिवस. बजी मूळ मुलखात गवताचं अर्धंकच्चं, दुधाळ बी आवडीने खातात, आणि कोवळ्या ज्वारीचं कणीस हा त्याचा आपल्याकडचा अवतार आहे. मंडईतून हुरड्याची दोन कणसं आणा, खळखळून धुवा, पुसा आणि एक कणीस पिंजऱ्याच्या बाजूला कपड्याच्या चिमट्याने उभं लावून ठेवा. पहिला अर्धा तास कोणी जवळ जाणार नाही. नवीन वस्तू म्हणजे संकट, अशी बजीची पक्की समजूत असते. मग दोघांपैकी धीट असेल तो वरच्या दांडीवरून मान लांब करून एक दाणा ओढेल, टाकून देईल, पुन्हा ओढेल. दाणा चोचीत आडवा धरून जिभेने फिरवला जातो, साल एका बाजूने गळून पडते आणि चोचीच्या कडांना पांढरा चीक लागतो. तेवढ्यात दुसरा येऊन ढकलाढकली सुरू करतो. भाजलेला, तिखट-मीठ लावलेला हुरडा द्यायचा नाही. ज्वारीचा कोवळा हिरवा पालाही द्यायचा नाही. कोवळ्या धाटांत आणि पानांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, त्याने गुरंसुद्धा दगावतात. फक्त कणीस द्या.

एरवी तुमची बजी बाजरी आणि राळ्यावर असतील, तसा अंदाज आहे. नुसत्या दाण्यांवर राहिलेल्या पक्ष्यांना जीवनसत्त्व अ कमी पडतं, म्हणून किसलेलं गाजर, मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, मोड आलेले मूग, मक्याचे कच्चे दाणे यांची ओळख करून द्यायला हे तीन दिवस चांगले आहेत. ओळखच करून द्यायची. दाण्यांची वाटी एकदम बंद करून ‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट बजीबरोबर करू नये, तिचं वजन असतंच किती! मी तर सांगतो, तुम्ही स्वतः पक्ष्यांसमोर बसून गाजर खा. कॉकटेलला तुमच्या ताटात जे आहे तेच हवं असतं. समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्यात कायम असू द्या. अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, फरसाण आणि सफरचंदाच्या बिया यांपासून लांब. मोडाचे मूग दोन-तीन तासांत उचलून टाका, आंबले की पोट बिघडतं.

अंघोळ हा मला स्वतःला सगळ्यांत आवडणारा भाग. बऱ्याच बजींना पाण्याची वाटी दाखवली तर त्या पाठ फिरवतात. त्यांच्यासाठी मेथीची जुडी धुवा, पाणी न झटकता पसरट ताटलीत ठेवा. बजी आधी पानं कुरतडते. मग गळ्याखालची पिसं पानावर घासते, मग एक पंख, आणि मग एकदम सगळं अंग त्या ओल्या पाल्यात झोकून देऊन लोळायला लागते, इतकी की नंतर ती बजी आहे हे सांगावं लागतं. कॉकटेलला बारीक फवारा आवडतो, पण तोंडावर मारायचा नाही, डोक्याच्या वरून पावसासारखा पडू द्यायचा. कॉकटेलच्या पिसांतून पांढरी पूड सतत झडते आणि घरात सगळीकडे बसते. अंघोळीने ती कमी होते. घरात दम्याचं कोणी असेल तर त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं. थंडी आहे, तेव्हा अंघोळ अकरा-बाराच्या उन्हात घाला. संध्याकाळी नको. हेअर ड्रायर अजिबात नाही, त्याच्या आतही टेफ्लॉन असू शकतं.

ऊन द्यायला पिंजरा गॅलरीत नेणार असाल तर अर्धा पिंजरा सावलीत राहील असा ठेवा आणि तुम्ही शेजारी खुर्ची टाकून बसा. बंद काचेतून आलेल्या उन्हाचा जीवनसत्त्व ड साठी उपयोग होत नाही, उपयोगाचे किरण काचेतच अडतात. गॅलरीत पिंजरा एकटा सोडून चहा आणायला जायचं नाही. कावळा गजांतून चोच घालतो, आणि पुण्यात सोसायट्यांच्या झाडांवर शिक्रे पुष्कळ आहेत. शिक्रा पिंजऱ्यावर नुसता आपटला तरी आतली बजी धसक्याने मरू शकते. गॅलरीत कबुतरांची विष्ठा असेल तर ती आधी धुऊन काढा, नाहीतर पिंजरा तिथे नेऊच नका.

खेळायला बाजारातल्या रंगीत प्लास्टिकची गरज नाही. पानांचे द्रोण आणा, पळसाचे, काडीने टोचलेले, आतून प्लास्टिक न लावलेले. त्यात राळा टाका, वर दुसरा द्रोण उपडा घाला, काडीने जोडा आणि टांगा. मूळ मुलखात हे पक्षी दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात घालवतात आणि आपण ते वाटीत आयतं देतो. मग उरलेल्या वेळात काही जण स्वतःची पिसं उपटतात. पेरूची फांदी मिळाली तर धुऊन, वाळवून बसायला लावा. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांडीवर वर्षानुवर्षं बसून तळव्यांना घट्टे पडतात. सोसायटीच्या बागेतली कण्हेर मात्र चुकूनही नको, ती पूर्ण विषारी आहे.

एवढं सांगितलं तरी तीन दिवसांतला बराचसा वेळ काहीच करायचं नसतं, हे अनेकांना पटत नाही. पक्ष्यांना तुम्ही सारखं खेळवायला नको असता. थव्यातले पक्षीही दिवसातले कितीतरी तास नुसते शेजारी बसून असतात. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवा, जवळ बसून पेपर वाचा, मटार सोला, कपड्यांच्या घड्या घाला. हात पुढे करू नका. लाजाळू बजी माणूस शांत बसल्यावरच जवळ येते. खांद्यावर येऊन एक पाय पोटात घेतला आणि चोचीचा बारीक करकर आवाज सुरू झाला की समजा, ती झोपेला आली आहे आणि तिला बरं वाटतंय. त्या आवाजाला घाबरून फोन करणारे मला दरवर्षी भेटतात.

याच निवांत बसण्यात एक कामाची गोष्ट होऊन जाते. पक्षी आजार लपवतो, कारण आजारी दिसला तर त्याला शिकारी उचलतो. रोजच्या घाईत तुम्हाला ते दिसत नाही. तीन दिवस शेजारी बसलात तर दिसेल. दुपारच्या वेळी अंग फुगवून, दोन्ही पायांवर बसून डोळे मिटलेला पक्षी, श्वासागणिक वरखाली होणारी शेपटी, विष्ठेतला पांढरा भाग पिवळा-हिरवा होणं, या खुणा लक्षात ठेवा. रोज सकाळी खाण्याआधी स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. बजी साधारण ३० ते ४० ग्रॅमची, कॉकटेल ८० ते १०० ग्रॅमचा. त्यात एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे होतात. पण ३५ ग्रॅमची बजी ३१ वर आली तर ती कितीही किलबिलत असो, डॉक्टरांना दाखवा. सुट्टीत कोणता दवाखाना उघडा असेल आणि तिथे पक्षी बघतात का, हे शुक्रवारीच फोन करून विचारा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत. नख तुटून रक्त आलं तर कॉर्नफ्लोअर चिमटीत घेऊन दाबून धरा. पक्षी गारठल्यासारखा वाटला तर पिंजऱ्याच्या एका बाजूला ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावा, म्हणजे जास्त झालं तर त्याला दुसरीकडे सरकता येईल, आणि डॉक्टरांकडे निघा.

तुमचे बजी आणि कॉकटेल एकाच पिंजऱ्यात राहतात की वेगळे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. एकत्र असतील तर या सुट्टीत वेगळे करा. कॉकटेल अंगाने मोठा आणि स्वभावाने गरीब. बजी लहान पण खोडकर, आणि कॉकटेलच्या पायाची बोटं हे त्यांचं आवडतं लक्ष्य. बाहेर एकत्र खेळू द्या, झोपायला आपापलं घर. आणि सुट्टी आहे म्हणून बाजारात चक्कर मारून आणखी एक पक्षी आणायचा मोह झाला, तर तो किमान ३० दिवस दुसऱ्या खोलीत ठेवायची तयारी असेल तरच. आपला हिरवा पोपट किंवा मुनिया कोणी ‘घेऊन टाका’ म्हणालं तरी नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते पाळणं गुन्हा आहे.

आता पाहुणे. सोमवारी सकाळी सोसायटीत झेंडावंदन आणि लाउडस्पीकर असेल, त्यामुळे साडेसातच्या सुमारास पिंजरा स्पीकरपासून लांबच्या खोलीत न्या. पाहुणे यायच्या आधीच पक्ष्यांचं सकाळचं फिरणं आटपून घ्या. पाहुणे असताना कोणालाही बाहेर काढायचं नाही, लहान मुलांनी कितीही आग्रह केला तरी. दार उघडं राहतं ते अशाच वेळी, आणि पंख्याचं बटणही तेव्हाच दाबलं जातं. मुलांना बघायचं असेल तर दोघादोघांना आत न्या, खाली बसवा आणि पिंजऱ्यात कोथिंबिरीची काडी द्यायला लावा. बोटं आत घालू नका म्हणून सांगण्यापेक्षा हातात लांब काडी देणं सोपं पडतं. कॉकटेल नव्या आवाजांना तुरा ताठ करून किंचाळत असेल तर पिंजऱ्यावर अर्धी चादर टाका आणि ‘गप्प बस’ म्हणून ओरडू नका. त्याला ते उत्तर वाटतं आणि तो आणखी जोरात बोलतो. शांत झाल्यावर जाऊन शीळ घाला.

पाहुणे गेल्यावर दुपारी चारचं फिरणं नेहमीच्या वेळीच होऊ द्या, मात्र त्याआधी तास-दीड तास तुम्ही दोघं मुद्दाम घराबाहेर पडा. तीन दिवस सतत सोबत मिळालेला कॉकटेल मंगळवारी सकाळी दार बंद झाल्यावर ओरडून शेजाऱ्यांना हैराण करतो. सोमवारीच थोडी सवय मोडली आणि मंगळवारी निघताना एक भरलेला द्रोण टांगून गेलात तर तो त्रास बराच कमी होईल. तरीही आठवडाभर ओरडत राहिला तर पिंजरा कुठे आहे, खिडकीतून त्याला काय दिसतं आणि तुम्ही किती वाजता परतता, एवढं कळवा, मग बघू.